भीमाशंकरच्या जंगलातला कोळी नवी प्रजाती आहे का, हे ठरवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळला राहणाऱ्या एका निसर्गप्रेमीला खांडसहून भीमाशंकर चढताना, वरच्या दाट झाडीत, खोडावर पाच-सहा मिलिमीटरचा एक उडी मारणारा कोळी दिसला. मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून त्याचे तीन फोटो काढले. वाटेत तसाच एक मेलेला कोळी सापडला, तो सॅनिटायझरच्या बाटलीत घालून घरी आणला. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकले, पण बरेच महिने कुणाला नाव सांगता आलं नाही. एकाने मात्र 'नवी प्रजाती दिसते' असं लिहिलं. आता विचारणा अशी की, नवी प्रजाती जाहीर करायची रीत काय, फोटो पुरतील का, डीएनए करावाच लागतो का आणि आजीचं नाव देता येईल का?

आधी सरळ उत्तरं देतो. फोटो पुरणार नाहीत. डीएनए असला तर उत्तम, नसला तरी काम अडत नाही. आजीचं नाव देता येईल. पण या सगळ्याच्या अलीकडे एक मोठं काम आहे आणि मेहनतीचा बहुतेक भाग तिथेच जातो.

कुणाला नाव सांगता आलं नाही याचा अर्थ त्या कोळ्याला नाव नाही, असा होत नाही. जगात वर्णन झालेल्या कोळ्यांची संख्या २०२२ मध्ये ५० हजारांवर गेली. एकट्या साल्टिसिडी कुळात, म्हणजे उडी मारणाऱ्या कोळ्यांत, सहा हजारांवर प्रजाती आहेत. त्यांतल्या पुष्कळ प्रजाती एकदाच, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, पाच-दहा ओळींत वर्णन होऊन कागदावर राहिल्या आहेत. जिवंतपणीचा फोटो नाही, धड चित्र नाही. अशी प्रजाती आज तुमच्यासमोर आली तर ती 'अनोळखी'च वाटणार. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा: आधीच्या कुठल्याही नावात हा कोळी बसत नाही, हे दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने कसं दाखवायचं? प्रजातीचं वर्णन म्हणजे हेच दाखवणं. बाकी मापं, चित्रं, नाव ही त्याची मांडणी.

किती वेळ लागेल, किती नमुने लागतील, हे बरंचसं परिस्थितीवर ठरतं. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) कुठला, त्यात आधीची नावं किती, त्यांचे मूळ नमुने कुठे आहेत, तुमच्याकडे नर आहे की मादी, तो प्रौढ आहे की नाही आणि जागा संरक्षित आहे की नाही. दोन-तीन प्रजातींचा, अलीकडे नीट तपासला गेलेला जीनस असेल तर गोष्ट सोपी. पन्नास जुनी नावं आणि निम्म्यांची चित्रंच नाहीत अशा जीनसमध्ये एक प्रजाती वर्णन करायला एखादं वर्ष सहज जातं.

सुरुवात वयापासून करा, कारण निम्मे 'नवे' कोळी इथेच गळतात. फोटोत तोंडाजवळचे दोन आखूड, पायांसारखे अवयव पाहा. हे पाल्प. प्रौढ नरात पाल्पचं टोक फुगीर असतं आणि त्यात गडद, चकचकीत, कडक तुकडे दिसतात. शेवटची कात टाकायची बाकी असलेल्या नराचंही टोक फुगतं, पण ते गुळगुळीत आणि फिकट असतं, आत काही आकार दिसत नाही. मादी प्रौढ आहे का, हे पोटाच्या खालच्या बाजूला, आडव्या खाचेच्या लगेच पुढे असलेल्या एपिगाइनवरून, म्हणजे मादीच्या जननेंद्रियाच्या कडक पट्टीवरून, कळतं. आपण फोटो नेहमी वरून काढतो, म्हणून मादीच्या फोटोवरून काहीच ठरत नाही. पिल्लावरून प्रजाती वर्णन करू नये. नियम तसं करण्यापासून थेट अडवत नाहीत, पण ते नाव पुढच्या सगळ्यांना डोकेदुखी होतं. पिल्लांवरून दिलेली जुनी नावं आजही कोळ्यांच्या जागतिक कॅटलॉगमध्ये 'हे नक्की काय' म्हणून पडून आहेत.

कोळ्यांमध्ये प्रजाती ठरते ती बहुतांशी जननेंद्रियांवरून. नरात पाल्पचा बल्ब, म्हणजे टोकाचा फुगीर भाग, पाहायचा: टेग्युलमचा (बल्बच्या मुख्य कडक भागाचा) आकार, एम्बोलस (शुक्राणू सोडणारी बारीक नळी) कुठून निघतो, किती लांब आहे, टोक कसं आहे आणि पाल्पच्या टिबियावरचा (बल्बच्या अलीकडच्या सांध्यावरचा) काटेरी उंचवटा बाजूने कसा दिसतो. मादीत एपिगाइनची छिद्रं, तिथून आत जाणाऱ्या नळ्या आणि स्पर्मथेका, म्हणजे शुक्राणू साठवायच्या पिशव्या. रंग, पट्टे, पोटावरचे ठिपके यांवर भरवसा ठेवू नका. एकाच झाडावरच्या दोन माद्या रंगाने वेगळ्या निघतात. शिवाय साल्टिसिडीची चमक ही अंगावरच्या खवल्यांची असते, ती ब्रशच्या एका फटक्याने निघून जाते.

आता तुमच्या बाटलीबद्दल. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असलं तरी त्यातला जेल आणि ग्लिसरीन केसांत बसतं आणि मग निघत नाही. नमुना साठवायला ते चुकीचंच. गंमत म्हणजे तेच पारदर्शक जेल आम्ही फोटो काढताना वापरतो: छोट्या डिशमध्ये जेल, त्यात कोळी हव्या त्या कोनात रोवायचा, वर अल्कोहोलचा थर. बुडबुडे नकोत म्हणून जेल आदल्या रात्री ओतून ठेवायचं. पण काम झालं की कोळी अल्कोहोलमध्ये धुऊन परत कुपीत.

त्याहून मोठी अडचण कायद्याची आहे. भीमाशंकर हे शेकरूसाठी राखलेलं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून प्राणी उचलायला परवानगी लागते. कोळी कुठल्या परिशिष्टात आहे की नाही, हा वेगळा मुद्दा. जागा संरक्षित आहे, तेवढं पुरतं. येऊरच्या बाबतीत ठाणेकरांचा असाच घोळ होतो. रविवारी फिरायला जायचं मोकळं रान वाटतं, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. म्हणून तुमचा तो मेलेला नमुना शोधनिबंधात वापरू नका, होलोटाइप (ज्याच्याशी प्रजातीचं नाव कायमचं जोडलं जातं तो एक नमुना) तर मुळीच करू नका. चांगली नियतकालिकं परवानगीपत्राचा क्रमांक मागतात आणि तो नसेल तर लेख तिथेच परत येतो. अर्ज प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), नागपूर यांच्याकडे करायचा असतो. एकट्याने केलेल्या अर्जापेक्षा संस्थेमार्फत केलेल्या अर्जाला वजन असतं. तुमच्या किंवा ठाण्याच्या बाजूला विज्ञान महाविद्यालयांत प्राणिशास्त्र विभाग आहेत. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला सहलेखक म्हणून सोबत घ्या. अर्जात किती नमुने, कुठल्या पद्धतीने, कुठल्या महिन्यांत आणि शेवटी कुठल्या संग्रहालयात ठेवणार, हे स्पष्ट लिहा. 'आवश्यकतेनुसार नमुने' असं मोघम लिहिलं की शंका येतेच. उत्तर यायला काही महिने लागतील असं धरून चाला, म्हणजे पावसाळ्यासाठीचा अर्ज थंडीतच जायला हवा.

पावसाळा का? सह्याद्रीच्या माथ्यावरचे बरेचसे छोटे कोळी जून ते ऑक्टोबर या काळात प्रौढ सापडतात. उन्हाळ्यात गेलात तर पिल्लं मिळतील. अर्धवट वाढलेला नर मिळालाच तर त्याला जिवंत ठेवून शेवटची कात टाकू द्यावी. छोटी हवेशीर डबी, ओलसर कापसाचा बोळा, दोन-तीन दिवसांनी एखादी फळमाशी. कात टाकायच्या बेतात असला की तो खात नाही. अशा वेळी माशी आत सोडून ठेवू नका, तीच त्याला त्रास देते. कात टाकल्यावर लगेच अल्कोहोलमध्ये घालण्याची घाई करू नये. पाल्पचे भाग कडक आणि गडद व्हायला साधारण आठवडा द्या, नाहीतर मऊ बल्ब पुढे आकसतो आणि चित्र खोटं येतं.

पकडण्यासाठी फार काही लागत नाही. फांदीखाली उघडी पांढरी छत्री उलटी धरून काठीने फांदी झटकायची, गवत-झुडपांवर जाळी फिरवायची, पालापाचोळा चाळायचा आणि खोडं हाताने शोधायची. साल्टिसिडी दिवसा फिरतात, रात्री सालीखाली रेशमी पिशवीत बसलेले सापडतात. मारण्याआधी जिवंतपणीचे फोटो काढाच, वरून, समोरून आणि बाजूने, आणि फोटोचा क्रमांक कुपीच्या चिठ्ठीवर लिहा. अल्कोहोलमध्ये हिरवा रंग आधी जातो, मग पिवळा-तांबडा उतरतो. दोन महिन्यांनी तुमचा सुंदर कोळी मळकट तपकिरी दिसेल.

मारताना आधी थंड करून निपचित करा, मग अल्कोहोल. शरीररचनेसाठी ७० ते ७५ टक्के इथेनॉल ठीक. त्याहून तीव्र असलं तर पाय ताठरतात आणि हात लावताच तुटतात. डीएनए करायचा असेल तर उजव्या बाजूचा एक पाय, बहुधा तिसरा, वेगळा काढून ९५ टक्के किंवा शुद्ध इथेनॉलमध्ये फ्रीजरात ठेवा. डावी बाजू सोडायची, कारण पाल्प आणि पायांची चित्रं रिवाजाने डाव्या बाजूची काढतात. ९५ टक्क्यांपासून ७० टक्के करायला ७४ मिली घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिली करा. नळाच्या पाण्याने पांढरट गढूळपणा येऊ शकतो. शुद्ध इथेनॉल खासगी माणसाला सहज मिळत नाही, उत्पादन शुल्काचे नियम आडवे येतात. इथेही कॉलेजची प्रयोगशाळा कामाला येते. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये मिळतं आणि अडीअडचणीला चालतं, पण त्यात नमुना कडक होतो, म्हणून कायम साठवायला नको.

चिठ्ठीचा विषय लोक उगाच किरकोळ समजतात. चिठ्ठी कुपीच्या आत हवी. बाहेर चिकटवलेली लेबलं आपल्याकडच्या दमट हवेत दोन पावसाळे टिकत नाहीत. जाड कागद, पेन्सिल किंवा न पुसणारी काळी शाई. बॉलपेन अल्कोहोलमध्ये निळा धूर होऊन जातो. इंकजेटची छपाईही तशीच. मजकूर: राज्य, जिल्हा, तालुका, जागा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, पद्धत. नुसतं 'भीमाशंकर' लिहून भागत नाही. अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. खांडसची बाजू कर्जत तालुक्यात म्हणजे रायगडात, आणि माथ्यावर पोचलात की पुणे जिल्हा. उंचीही महत्त्वाची, कारण डोंगरी जंगलातल्या काही प्रजाती ठरावीक उंचीच्या वरच मिळतात. अभ्यासकाला तुमच्या प्रजातीचा पट्टा कळतो तो याच आकड्यांवरून.

साठवताना छोट्या कुपीच्या तोंडाला कापूस लावून ती मोठ्या, अल्कोहोलने भरलेल्या बरणीत उलटी ठेवायची, ही संग्रहालयांची जुनी पद्धत. झाकणातून अल्कोहोल उडून गेलं तरी आतली कुपी कोरडी पडत नाही. फक्त कोळी आणि कापूस यांच्यामध्ये चिठ्ठी येऊ द्या, नाहीतर नखं कापसात अडकतात आणि बाहेर काढताना पाय तुटतो.

आता सूक्ष्मदर्शकाखालचं काम. डावा पाल्प बारीक चिमट्याने मुळाशी सोडवा. बल्बच्या तळाशी धरू नका. मादीचं एपिगाइन भोवतालच्या त्वचेसकट सुईने कापून काढा आणि आतला मऊ भाग घालवण्यासाठी १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा. किंचित कोमट केलंत तर पाच-दहा मिनिटं पुरतात, खोलीच्या तापमानाला काही तास. नजर ठेवा. जास्त वेळ राहिलं की भिंती पारदर्शक होतात, नळ्या फुगतात आणि मग जे दिसतं ते कोळ्याचं नसून रसायनाचं असतं. पाण्यात धुऊन पुन्हा अल्कोहोल. उडी मारणाऱ्या कोळ्यांत एपिगाइनच्या छिद्रांवर कधीकधी मेणचट डाट बसलेला असतो. तो सुईने हलकेच काढला नाही तर छिद्रच दिसत नाहीत, आणि 'छिद्र नसलेली नवी प्रजाती' जन्माला येते. सुटे केलेले भाग छोट्या नळीत घालून त्याच कुपीत ठेवायचे. वेगळ्या डबीत ठेवलेला पाल्प कुठल्या कोळ्याचा, हे सहा महिन्यांनी कुणीच सांगू शकत नाही.

चित्रात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती कोनामुळे. पाल्प पंधरा अंश कलला की एम्बोलस आखूड दिसतो, टिबियाचा काटा सरळचा वाकडा होतो. म्हणून पाल्प खालून आणि बाहेरच्या बाजूने, एपिगाइन खालून आणि साफ केल्यावर आतून (वरून), असे ठरलेले कोन घ्या आणि तुलना करताना दुसऱ्या प्रजातीचं चित्रही त्याच कोनातलं आहे ना, ते पाहा. फोटो वेगवेगळ्या खोलीवर फोकस करून तीस-चाळीस काढायचे आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायचे. मोजपट्टी प्रत्येक मॅग्निफिकेशनला स्वतंत्र बसवा. स्टेज मायक्रोमीटरवर एक मिलिमीटरचे शंभर भाग असतात, त्यावरून. झूमची कळ फिरवून जुनीच पट्टी ठेवणं ही सर्रास होणारी चूक. फोटोबरोबर रेषाचित्र जरूर द्या. फोटोत चकाकी आणि सावली कडांना खाऊन टाकते, रेषाचित्र काढताना मात्र 'ही कड नक्की कुठे जाते' याचा निर्णय घ्यावाच लागतो.

मापं मिलिमीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. शिरोवक्षाची (डोकं आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागाची) लांबी-रुंदी, डोळ्यांच्या ओळींची रुंदी, डोळ्यांचे व्यास आणि चारही पायांचे भाग: फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. पायाची नोंद अशी दिसते: पहिला पाय ४.१० (१.२५, ०.७०, ०.९५, ०.७५, ०.४५). कंसातल्या आकड्यांची बेरीज बाहेरच्या आकड्याशी जुळली पाहिजे. ती किती छापील निबंधांत जुळत नाही, हे पाहिलंत तर थक्क व्हाल. पोटाची लांबी द्या, पण तिच्यावर फरकाचा डोलारा उभारू नका. खाल्लेला कोळी आणि उपाशी कोळी, अंड्यांनी भरलेली मादी आणि रिकामी मादी, यांत मोठी तफावत असते. शक्य असेल तर प्रत्येक लिंगाचे चार-पाच नमुने मोजून किमान-कमाल लिहा. एकच नमुना असेल तरी वर्णन वैध ठरतं, फक्त प्रजातीत किती विविधता आहे याबद्दल तुम्ही काही बोलू शकत नाही.

इथून पुढचा भाग घरी खुर्चीत बसून करायचा. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाकडून वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग चालवला जातो. नोंदणी मोफत आहे आणि नोंदणीनंतर बहुतेक जुने निबंध तिथूनच उतरवून घेता येतात. जीनस पक्का झाला की त्यातल्या सगळ्या प्रजातींचा तक्ता करा: नाव, वर्ष, मूळ ठिकाण, नर माहीत आहे का, मादी माहीत आहे का, चित्रं कुठे आहेत, मूळ नमुना कुठल्या संग्रहालयात आहे. फक्त भारतातल्या प्रजाती घेऊन थांबू नका. श्रीलंका, म्यानमार, नेपाळ, दक्षिण चीन, मलेशिया हे सगळं पाहा. कोळी देशाची सीमा पाहत नाहीत. 'भारतातून नोंद नाही' आणि 'नवी प्रजाती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रीलंकेतली प्रजाती सह्याद्रीत मिळाली तर ती भारतासाठी पहिली नोंद. तीही प्रसिद्ध करण्याजोगीच आहे.

तक्त्यात सर्वांत धोक्याच्या ओळी म्हणजे एकाच लिंगावरून माहीत असलेल्या प्रजाती. समजा तुमच्याकडे नर आहे आणि त्याच जीनसमध्ये सह्याद्रीतूनच एक मादी आधी वर्णन झालेली आहे, जिचा नर कधी सापडलेला नाही. मग तुमचा नर तिचाच जोडीदार नाही, हे कशावरून? त्याच जागेवरून दोन्ही लिंगं गोळा करणं, ती एकाच झाडावर मिळणं, शक्य तर जोडी जुळताना पाहणं, किंवा डीएनए, हे चार मार्ग. यातला एकही नसेल तर प्रामाणिकपणे तसं लिहा आणि शक्यतो थांबा. एकाच कोळ्याला दोन नावं पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जुन्या वर्णनांत पाल्पचं चित्र नसेल तर मूळ नमुना पाहणं भाग पडतं. जुन्या कोळी-अभ्यासकांपैकी सिमोंचा संग्रह पॅरिसला आहे, थोरेलने तपासलेलं ब्रह्मदेशातलं साहित्य जिनोआला, कार्शचं बर्लिनला, टिकादर यांचं कोलकात्याच्या प्राणी सर्वेक्षण विभागात. संग्रहालयांना ईमेल करून फोटो मागता येतात. कोणत्या नमुन्याचा, कोणत्या कोनातून, कशासाठी, हे नेमकं लिहिलंत तर उत्तर बहुधा येतं. 'तुमच्याकडचे सगळे साल्टिसिडी' असं मागितलंत तर येत नाही. उलट दिशेने, म्हणजे आपला नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी, जैविक विविधता कायद्याच्या तरतुदी पाहा. पोस्टात टाकून मोकळं होण्यासारखं ते प्रकरण नाही.

डीएनएबद्दल लोकांच्या अपेक्षा फार आहेत. प्राण्यांसाठी वापरला जाणारा नेहमीचा बारकोड म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा. नर-मादी जुळवायला तो उत्तम. पण 'जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या सर्वांत जवळच्या क्रमापासून दहा टक्के वेगळा, म्हणून नवी प्रजाती' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण भारतीय कोळ्यांच्या बहुसंख्य प्रजातींचा क्रम तिथे मुळात नाहीच. ज्या प्रजातीशी तुलना करायला हवी तीच नसेल तर टक्केवारी काय सांगणार?

लिहिताना सगळा जीव 'डायग्नोसिस' या परिच्छेदात ओता. प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता हेच मागते: इतरांपासून वेगळेपण सांगणारं शब्दांतलं वर्णन. त्यात सर्वांत जवळची प्रजाती नावाने घ्या, साम्य काय ते आधी सांगा आणि मग फरक समोरासमोर ठेवा: अमुकमध्ये एम्बोलस बल्बच्या उंचीच्या निम्मा आणि टोकाला आत वळलेला, तमुकमध्ये पाव आणि सरळ, चित्र क्रमांक हा विरुद्ध तो. 'रंगाने व आकाराने वेगळी' एवढंच लिहिलेला डायग्नोसिस म्हणजे पुढच्या पिढीवर टाकलेलं काम. संहितेच्या आणखी अटी आहेत: नाव नवं असल्याचं स्पष्ट लिहिणं, होलोटाइप म्हणून एकच नमुना ठरवणं, तो कुठल्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवणार आहे, ते नाव-गावासह सांगणं. घरच्या कपाटात होलोटाइप ठेवू नये. शिवाय जैविक विविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना नियुक्त भांडारात द्यावा लागतो. प्राणी सर्वेक्षण विभाग त्यांपैकी एक, आणि त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुना जमा करून नोंदणी क्रमांक हाती आल्यावरच लेख पाठवा.

आता आजीचं नाव. नाव रोमन लिपीत आणि लॅटिन व्याकरणाला धरून हवं. पुरुषाच्या नावाला शेवटी 'आय' हे अक्षर लागतं, स्त्रीच्या नावाला 'ए' आणि 'ई' ही दोन अक्षरं. ठाणे जिल्ह्यातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ 'इसियस तुकारामी' हे नाव दिलं गेलं, ते या नियमाने. जागेवरून 'एन्सिस' लावून नाव दिलं तर ते विशेषण ठरतं आणि जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं, नपुंसकलिंगी जीनसमध्ये 'एन्से' होतं. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, हे कॅटलॉगमध्ये पाहा. स्वतःचं नाव स्वतःच देणं संहितेत निषिद्ध नाही, पण हसं होतं.

आणि लेख छापून येईपर्यंत ते नाव कुठेच सांगू नका. आजीलाही सांगा की शेजारी बोलू नकोस. फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात वर्णनाशिवाय आधी आलेलं नाव वैध धरलं जात नाही, पण इंटरनेटवर फिरत राहतं आणि गोंधळ करतं. लेखासाठी झूटॅक्सा, झूकीज, आर्थ्रोपोडा सिलेक्टा, कोइमतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा असे पर्याय आहेत. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांपासून लांब राहा. अडचण अशी आहे की संहिता तज्ज्ञपरीक्षणाची अट घालत नाही, त्यामुळे तिथे छापलेलं कच्चं कामही वैध ठरतं आणि कायमचं मानगुटीवर बसतं. नियतकालिक फक्त ऑनलाइन असेल तर झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी झालेली आणि तिचा उल्लेख लेखातच असायला हवा. बहुतेक संपादक ते स्वतः करतात, पण विचारून घ्या.

शेवटी प्रूफ. नव्या नावाचं स्पेलिंग शीर्षकात, सारांशात, चित्रांखाली आणि मजकुरात अक्षरशः एकच आहे ना, हे शोधा-बदला वापरून तपासा. दोन स्पेलिंगं छापली गेली तर कुठलं बरोबर, हे ठरवायला पुढे दुसऱ्या कुणाला तरी लिहावं लागतं. होलोटाइपचा क्रमांक कुपीतल्या चिठ्ठीशी, अक्षांश-रेखांश नकाशावरच्या टिंबाशी आणि चित्रातली प्रत्येक मोजपट्टी तिच्याखालच्या आकड्याशी ताडून पाहा. अक्षांश-रेखांश उलटे पडले की भीमाशंकरचा कोळी थेट आर्क्टिक समुद्रात जाऊन पोहोचतो.